सेंद्रिय तूरडाळ एवढी महाग का पडते? इंदूरच्या एका खरेदी गटाचा हिशेब

मृण्मयी_इंदूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लोकमान्यनगर आणि आसपासच्या घरांचा आमचा एक खरेदी गट आहे. गहू, तूर, हरभरा, गूळ, शेंगदाण्याचं तेल असा सेंद्रिय माल थेट शेतकऱ्यांकडून आणतो आणि वाटून घेतो. नफा कुणी घेत नाही. पोती आमच्या गॅरेजमध्ये, वजनकाटा शेजारच्या काकूंचा.

मागच्या बैठकीत तूरडाळीवरून चांगलीच जुंपली. सियागंजात साधी डाळ १२५ ला मिळते, सेंद्रियच्या दुकानात २२०. आमच्या गटातही १७६ ला पडते. "शेतकरी म्हणतो परवडत नाही, आपण म्हणतो महाग आहे, मग मधले पैसे खातंय कोण?" एका काकांनी विचारलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

म्हणून कागदावर मांडलं. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, भाव खालीवर होतातच.

मंडीत तूर ८० रुपये किलो धरली. आम्ही शेतकऱ्याला ९५ देतो. छोट्या चक्कीवर शंभर किलो तुरीची डाळ पडते ६५ किलो, म्हणजे एका किलो डाळीत १४६ रुपयांची तूर गेली. चुनी-भुसा गोठेवाला नेतो, त्याचे ६ वजा. भरडाई, हमाली आणि सनावदहून येणारी गाडी मिळून १४. किडकं-तुटकं निघतं त्याचे ६. पोती-पाकिटं ८. तपासणी आणि कागदपत्रं ८. झाले १७६. दुकानदार याच्यावर २५ टक्के चढवतो की २२०.

यात मला तरी कुणी खाताना दिसत नाही. पण साध्या आणि सेंद्रिय डाळीतल्या ९५ रुपयांच्या फरकातले शेतकऱ्याला किती जातात? तुरीवर १५ जास्त, म्हणजे डाळीवर २३. बाकीचे ७२ वाटेत जिरतात. सेंद्रियचा बाजार वाढतोय असं जो तो म्हणतो, विजयनगरच्या मॉलमध्ये अख्खं कपाट भरलेलं असतं. मग गाडी अडते कुठे? शेती करणारे, दुकानवाले, आकडेमोडवाले, सगळ्यांनी लिहा.

सुगरण_नसलेली

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद, फक्त गुळावरून.

खडूस_ग्राहक

प्रश्नच उलटा आहे. आधी हे सांगा की ती डाळ सेंद्रिय आहे हे तुम्हाला कळलं कसं? शेतकऱ्याचा चेहरा बघून? आमच्या कॉलनीत एक भिया हातगाडीवर "ऑर्गेनिक" पाटी लावून भेंडी विकतो, सकाळी चोइथराम मंडीतून उचलताना मी स्वतः पाहिलाय. भेंडी तीच, पाटीचे वीस रुपये.

निमाडचा_गडी

मृण्मयीताई, तुमच्या हिशेबात शेतकऱ्याची एकच ओळ आहे, ९५. तिच्या पोटात काय काय आहे ते सांगतो. आमची जमीन कसरावदकडे. भाऊ कसतो, मी इंदुरात नोकरीला.

रासायनिक खत बंद केलं की पीक आधी खाली बसतं. कापूस आणि गहू जास्त, तूर-सोयाबीन कमी, कारण ती द्विदल पिकं नत्राची सोय आपली आपण बघतात. हे मी मनचं सांगत नाही. आमच्याच भागात स्वित्झर्लंडच्या एफआयबीएल या सेंद्रिय शेतीच्या संशोधन संस्थेचा २००७ पासून दीर्घकालीन तुलनेचा प्रयोग चालू आहे. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्के आणि गहू २७ टक्के कमी आला. पुढच्या दोन वर्षांत फरक मिटला (रासायनिकचं उत्पादनही उतरलं म्हणून, हेही सांगायला हवं) आणि खर्च कमी असल्यामुळे सेंद्रियमध्ये पदरात २५ टक्के जास्त पडले. सोयाबीनमध्ये उतारा थोडा कमी, तरी चारही वर्षं मिळून पदरात पडण्यात सेंद्रियच ११ टक्के पुढे.

म्हणजे शेती जमते. पण ती पहिली दोन वर्षं खायचं काय? वार्षिक पिकांना रूपांतराचा काळ दोन वर्षांचा, फळझाडांना तीन. त्या काळात पूर्ण सेंद्रियचा शिक्का मिळत नाही. उतारा सेंद्रियचा आणि भाव मंडीचा. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत, पण त्यातले थेट शेतकऱ्याच्या खात्यात १५,०००. एकरी वर्षाला काढा, दोन हजार. त्यात निंदणीची एक पाळी तरी निघते का, ते भावाला विचारा, तो नुसता हसेल.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण वरचे सरकार भरतं. शेणखताच्या ट्रॉलीचे वरचे कोणी भरत नाही. आणि शेण आणायचं कुठून? ट्रॅक्टर आला, बैल गेले. शिवाय शेजारी फवारणी करतो तेव्हा बांधालगतच्या चार-सहा ओळी आम्हाला वेगळ्या काढाव्या लागतात. ती तूर जाते साध्या भावात.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. तूर निघते जानेवारी-फेब्रुवारीत. मंडीत नेली की लगेच पैसा हातात. तुमचे गट महिन्याला पोतं-दोन पोती नेतात आणि पैसे वर्षभर येत राहतात. सोसायटीचं कर्ज मात्र मार्चमध्येच भरायचं असतं. मग भाऊ काय करतो? थोडी तुमच्यासाठी ठेवतो आणि बाकी सगळी मंडीत, साध्या तुरीच्या ढिगात ओततो. सेंद्रिय तूर पिकते भरपूर, सेंद्रिय म्हणून विकली जाते त्यातली थोडी.

मृण्मयी_इंदूर

हे मार्चचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही आपले खुशाल "दर महिन्याला ताजी डाळ" म्हणून मिरवतो.

रामबागवाले

इंदूरच्या लोकांनी सेंद्रिय शेतीवर धागा काढावा आणि हॉवर्डचं नाव येऊ नये, हे काही बरं नाही. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली आणि १९३१ पर्यंत इथेच राहून खताची पद्धत बसवली. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख, यांचे थर द्यायचे, ठराविक वेळा उलथायचे, तीन महिन्यांत खत तयार. जगभर ती "इंदूर पद्धत" म्हणूनच ओळखली गेली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले तेव्हा ते खत बघायला गेले होते. आमचे वडील हे फार अभिमानाने सांगत.

आणि आज? एप्रिलमध्ये देवासच्या किंवा उज्जैनच्या रस्त्याने जा. गहू निघाला की नरवाई, म्हणजे शेतात उरलेली काडी, पेटवलेली. काळी शेतं दोन्ही बाजूंना. ज्या काडीकचऱ्याचं खत करायला जग इंदूरला शिकायला आलं, ती काडी आपण जाळतो आणि मग खताची गोणी आणायला रांगेत उभे राहतो.

निमाडचा_गडी

काका, मान्य. पण हॉवर्डसाहेबांच्या वेळी खत उलथायला मजूर होते आणि मजुरी काय होती ते बघा. आता एक ढीग तीन वेळा उलथायचा म्हणजे जेसीबी बोलवावा लागतो. काडी जाळतात ती हौसेने नाही. हार्वेस्टर बुडखे वर ठेवून जातो, पुढचं पीक डोक्यावर असतं, आणि काडीपेटी दोन रुपयांची.

कोथरूडकर

तुमच्या इंदुरात रोज एवढा ओला कचरा वेगळा होतो. त्या बायो-सीएनजीच्या प्लांटचं खत का नाही वापरत? फुकटात प्रश्न सुटेल.

निमाडचा_गडी

देवगुराडियाचा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची होती, त्यातून खतही निघतं. पण शहराच्या कचऱ्याचं खत प्रमाणपत्राच्या शेतात प्रमाणन संस्थेला विचारल्याशिवाय टाकता येत नाही. आणि तिथून कसरावदपर्यंतचं भाडं कोण देणार? खत जड, स्वस्त आणि लांबचं. तिन्ही एकदम जमत नाही.

डेबिट_क्रेडिट

खडूसराव, तुमच्या "कळलं कसं"चं उत्तर. मी एका निर्यातदाराच्या लेखा विभागात होतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासून, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली. बाहेरची संस्था येऊन तपासते, प्रत्येक व्यवहाराचा कागद बनतो. एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही म्हणून २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करून प्रमाणपत्र घेतात. दुसरा पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी, यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. खर्च जवळपास नाही, पण माल देशातच विकायचा. यातलं काहीतरी एक असल्याशिवाय बाजारात "सेंद्रिय" म्हणून विकता येत नाही, हे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २०१७ चे नियम, ते हिरवं "जैविक भारत" चिन्ह त्यांच्याबरोबरच आलं. लहान शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला यातून सूट आहे.

मृण्मयीताईंनी तपासणीचे किलोमागे ८ धरलेत. कीटकनाशकांच्या अंशांची सगळी चाचणी करायला एका नमुन्याला काही हजार लागतात. चार हजार धरा आणि पाच क्विंटलवर वाटा, आले ८ रुपये. तोच नमुना पन्नास क्विंटलच्या लॉटचा असेल तर किलोला ८० पैसे. डाळ तीच, चाचणी तीच, फक्त लॉट मोठा.

खडूस_ग्राहक

पीजीएस म्हणजे अहो रूपम् अहो ध्वनिः. तू माझं शेत बघ, मी तुझं बघतो. आणि एनपीओपीचा तरी काय मोठा भरवसा? परदेशी लोकांनी हाकलला ना तुमचा माल?

डेबिट_क्रेडिट

हाकलला नाही, पण झटका चांगला बसला. आणि तो इंदूरच्या वर्मावर बसला, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२०-२१ मध्ये देशाची सेंद्रिय निर्यात ८.८८ लाख टन होती, १०४ कोटी डॉलरची. २०२३-२४ मध्ये २.६१ लाख टन, साडेएकोणपन्नास कोटी डॉलर. तीन वर्षांत निम्म्याच्या खाली. त्याच्या पुढच्या वर्षी सावरून साडेसहासष्ट कोटींच्या आसपास आली. बाजार वाढतोय म्हणणाऱ्यांना हे आकडे आधी दाखवा.

झालं काय? तिळात इथिलिन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायला वापरतात तो आणि युरोपात खाण्याच्या मालाला बंदी असलेला वायू, सापडल्यावर युरोपने आपल्या काही प्रमाणन संस्थांची मान्यताच काढली. अमेरिकेने २०२१ च्या जानेवारीत अपेडाशी असलेली मान्यतेची व्यवस्था मोडली आणि दीड वर्षाची मुदत दिली. म्हणजे आपल्या प्रमाणपत्रावर तिथे माल जायचा बंद, अमेरिकी नियमांचं वेगळं प्रमाणपत्र घ्या. त्यात सोयाबीनची पेंड. अमेरिकेत सेंद्रिय कोंबड्यांना सेंद्रियच खाद्य लागतं आणि ती पेंड जायची भारतातून, बरीचशी आपल्या माळव्यातून. २०२२ मध्ये त्यांनी तिच्यावर डम्पिंगविरोधी आणि अनुदानविरोधी शुल्क लावलं, म्हणजे माल फार स्वस्तात किंवा सरकारी मदतीवर विकता म्हणून जादा आयात कर. चौकशीत माहिती न देणाऱ्या कंपन्यांवर अनुदानविरोधी शुल्क २८३.९१ टक्के. एवढ्यावर कोण माल पाठवतो?

प्रमाणित क्षेत्रात मध्यप्रदेश देशात पहिला आहे, याचा आपल्याला फार अभिमान. पण ते क्षेत्र उभं राहिलं ते बरंचसं कापूस आणि सोयाबीनवर, बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर. आपल्या ताटात येणारी डाळ, भाजी, गहू यांच्यासाठी इथल्या इथे साखळी कोणी बांधलीच नाही. बाहेरचा खरेदीदार हटला की शेतकरी परत मंडीत.

खडूस_ग्राहक

चला, निदान कोणीतरी आकडे घेऊन आलं. श्रीलंकेचं पण घ्या मग. २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात बंद, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे. सगळ्यांनी सेंद्रिय केलं तर जेवाल काय?

रामबागवाले

एका फटक्यात अख्खा देश आणि पायरीपायरीने एक शेत, यात फरक आहे की नाही? सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय जाहीर झालं, पण त्याच्या आधी दहा-बारा वर्षं तयारी चालली होती. आणि इथे कोणी देश बदलायला निघालेलं नाही. लोकमान्यनगरला तूरडाळ पाहिजे. विषयावर या.

दुकान_सांभाळते

पलासिया भागात माझं छोटं सेंद्रियचं दुकान आहे, वर ज्याला २५ टक्के "चढवतो" म्हटलंय त्यातलं. राग नाही, पण ते २५ जातात कुठे बघा.

भाजी घ्या. पालकाच्या पन्नास जुड्या शेतकऱ्याने पहाटे आणल्या. साध्या मंडीत पन्नास जुड्या विकायला दहा मिनिटं पुरतात, माझ्याकडे दिवस लागतो. दुपारपर्यंत तीस गेल्या. पाणी मारून, ओल्या फडक्यात ठेवूनही संध्याकाळी पानांच्या कडा पिवळ्या पडतात, आणि जी बाई मुलांसाठी मुद्दाम सेंद्रिय घ्यायला आलेली असते तीच पान उलटून बघते आणि भोक दिसलं की खाली ठेवते. "औषध नाही मारलं म्हणूनच भोक आहे हो" हे मी दिवसातून कितीदा म्हणते ते मलाच माहीत. वीस जुड्या गाईला. म्हणजे विकलेल्या तीस जुड्यांवर पन्नासचा खर्च बसला. शेतकऱ्याला मी पन्नासचेच पैसे देते, नाही तर उद्या तो येणार नाही.

धान्याचं दुखणं वेगळं. मोठ्या गोदामात सल्फासची गोळी ठेवून किडे मारतात, मला ते करता येत नाही. पावसाळ्यात गव्हात सोंडे, हरभऱ्यात भुंगे. डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हात कडुलिंबाचा पाला, हवाबंद पिशव्या. एवढं करूनही एखादं पोतं परत येतंच. गिऱ्हाईक म्हणतं, सेंद्रिय घेतलं आणि वर किडे! अहो, किड्यालाही कळतं कुठे राहायचं.

मॉलवाल्या साखळीला माल दिला तर ते न विकलेला परत पाठवतात आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे तिथे टिकतात ते मोठे ब्रँड. सरकारने २०२३ मध्ये सहकारी संस्था काढली, "भारत ऑर्गॅनिक्स" नावाने माल आणतात. बघू या, माझ्यासारखीला त्याचा फायदा की स्पर्धा, ते अजून ठरायचंय.

कोथरूडकर

आमच्याकडे ॲपवर सगळं घरी येतं, सेंद्रियसुद्धा. भाव विचारू नका.

डेबिट_क्रेडिट

मृण्मयीताई, परत तुमच्या कागदाकडे. एक ओळ सगळ्यांच्या नजरेतून सुटली. १०० किलोला ६५ किलो डाळ. सांवेर रोडच्या मोठ्या मिलमध्ये ७५ पर्यंत पडते. तुमच्याच भावाने बघा: ९५ भागिले ०.६५ म्हणजे १४६. ९५ भागिले ०.७५ म्हणजे १२७. किलोमागे १९ रुपये चक्कीत चुरा होऊन गोठ्यात गेले. शेतकऱ्याला तुम्ही जास्तीचे २३ देता, आणि जवळपास तेवढेच म्हशीला.

सुगरण_नसलेली

म्हैस सेंद्रिय झाली म्हणायची!

मृण्मयी_इंदूर

हसून झालं, मग डोकं धरून बसले. मोठ्या मिलमध्ये आम्ही मागे विचारलं होतं. मिलवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं त्यांच्या जागी. सेंद्रियचा लॉट घालायच्या आधी यंत्रं पूर्ण रिकामी करून झाडावी लागतात, नाही तर आधीची डाळ मिसळते. सुरुवातीचं पोतंभर माल बाजूला काढावा लागतो. पाच क्विंटलसाठी कोण एवढा वेळ मिल थांबवेल? आज परत फोन केला. पन्नास क्विंटल एकदम आणा, रविवारी लावून देतो म्हणाले.

मग कागद पुन्हा मांडला. पन्नास क्विंटल तूर, ७५ टक्क्यांनी ३,७५० किलो डाळ. तूर १२७, चुनीचे ४ वजा, भरडाई आणि गाडी १०, किडकं-तुटकं ४, पोती-पाकिटं ८, तपासणी १. एकूण १४६. शेतकऱ्याचे ९५ तसेच ठेवून तीस रुपये खाली.

आता खरी अडचण. एका घराला महिन्याला तीन किलो धरली तर वर्षाला ३६. ३,७५० किलो संपवायला शंभराच्या वर घरं लागतात. आमच्या गटाच्या आवाक्याबाहेर. आणि निमाडचा_गडी म्हणतात तसे पैसे फेब्रुवारीतच द्यायचे तर तुरीचेच पावणेपाच लाख झाले, घरामागे साधारण साडेचार हजार, तेही एकरकमी.

रामबागवाले

यात नवीन काय आहे? आपल्या आया उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरत होत्या, डाळी वाळवून कोठीत ठेवत होत्या. पैसे एकरकमीच जायचे. किराणा महिन्याचा झाला तो नंतर. रामबाग आणि नारायणबागेतून वीस-पंचवीस घरं मी गोळा करतो. सुखलियाकडे आमचे व्याही आहेत, त्यांच्या सोसायटीत विचारतो.

दुकान_सांभाळते

मी सहाशे किलो घेईन. पैसे आधी. दुकानात १७५ ला विकली तरी मला आतापेक्षा बरं पडतं, आणि २२० ऐकून पाठ फिरवणारी चार गिऱ्हाइकं थांबतील. फक्त डाळ जूनच्या आधी एरंडेल लावून हवाबंद भरायची, ही माझी अट. जुलैत उघड्या पोत्यात दिली तर मी घेणार नाही.

खडूस_ग्राहक

पैसे आधी, आणि गारपीट झाली तर? तूर नासली तर माझे साडेचार हजार कोणाकडे मागायचे?

निमाडचा_गडी

तूर खळ्यावर आल्यावर, वजन झाल्यावर पैसे द्या. उभ्या पिकाचा धोका शेतकऱ्याचा, पोत्यातल्या तुरीचा तुमचा. भावाला मंडीच्या दिवशीच पैसे मिळाले की त्याला बाकी काही नको. भाव ठरवताना एकच करा. ९५ असा आकडा बांधू नका, त्या आठवड्याच्या मंडीच्या भावावर १५ असं बांधा. तूर १०० वर गेली आणि आमचे ९५ च राहिले, तर तुम्हाला कोण देईल? आणि ५० ला आली तर तुम्ही ९५ देणार आहात का?

खडूस_ग्राहक

हे बरोबर आहे. तपासणीचा नमुना मात्र मिलमध्ये, सगळ्यांसमोर, वेगवेगळ्या पोत्यांतून काढायचा आणि सील करायचा. शेतकऱ्याने डबीत आणून दिलेला चालणार नाही. मी स्वतः येतो. अहवाल आल्याशिवाय वाटप नाही, आणि खराब आला तर सगळी डाळ साध्या भावात विकून तोटा अर्धा-अर्धा.

निमाडचा_गडी

अर्धा-अर्धा भावाशी बोलावं लागेल. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा अंश आला तर त्याचा काय दोष?

डेबिट_क्रेडिट

म्हणूनच बांधालगतच्या ओळी वेगळ्या काढतात ना. तेवढं पाळलं असेल तर दाखवता येईल. प्रत्येक शेतकऱ्याची पोती वेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवा आणि नमुन्याचा एक भाग शेतकरीवार राखून ठेवा. एकत्र लॉट नापास झाला तर तेवढे राखलेले तपासू, कोणाचा माल ते कळेल.

मृण्मयी_इंदूर

छान. मी घरांची यादी करायला घेते. ज्यांना यायचंय त्यांनी भाग आणि वर्षाचे किलो इथेच लिहा. भाजीचं मात्र या वर्षी गटातून बंद करावं असं मला वाटतं, दुकान_सांभाळते यांच्या पालकाचा हिशेब वाचून तर नक्कीच. ज्यांना भाजी हवी त्यांनी त्यांच्याकडून घ्यावी, भोकांसकट.

खडूस_ग्राहक

सुदामानगर, ३६ किलो. नमुना माझ्यासमोर.

सुगरण_नसलेली

राजेंद्रनगर, २४. आम्ही दोघंच आहोत. गुळाचा धागा कोण काढतंय?

निमाडचा_गडी

भावाशी बोललो. तो बारा क्विंटल राखतो म्हणाला, सुतळीची गोष्ट पटली, अर्ध्या तोट्याची अजून नाही. आजूबाजूचे चार जण पीजीएस गटातले आहेत, त्यांना विचारतोय. घरात लग्न आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यातच नक्की आकडा देईन.